उंची घेतली, कंबर गेली

माझ्या जुन्या जिप्सीला चारही चाकांना पाटे आहेत, त्यामुळे गादीसारख्या आरामाची अपेक्षा मी कधी केलीच नाही. पण पावसाळ्याआधी गाडी दोन इंच उचलून घेतली आणि ताम्हिणीतल्या पहिल्याच खड्ड्यात मागे बसलेला मेहुणा ओरडला, "दाजी, यापेक्षा बैलगाडी बरी!"

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं: शॉकअप बदला. का म्हणून? घरी मागच्या दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि बंपरवर उभा राहून दाबून पाहिलं. गाडी ढिम्म. म्हणजे शॉकअप बिचारे निर्दोष.

मग पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट सैल केले, गाडी जॅकवरून खाली, चाकांवर घेतली आणि हलवली. कड् असा आवाज आला, मागची बाजू बोटभर बसली. चाकं हवेत लोंबत असतानाच कुणीतरी बोल्ट आवळले होते. तसं केलं की गाडी जमिनीवर येताच बुशातलं रबर पिळून बसतं. बोल्ट आवळायचे ते चाकांवर भार असताना.

तरी थोडा ताठरपणा उरलाच. त्याचं कारण उंचीसाठी मागे घातलेला जास्तीचा पाटा. तो ओझ्यासाठी असतो. माझ्या गाडीत मागे एक मेहुणा आणि डबा! 'किती वजन नेता?' हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे उंची इंचात विकतात, भाराचा हिशेब गिऱ्हाइकाच्या मणक्यावर सोडतात.

पाटा काढला. इंचभर उंची गेली. मेहुणा हल्ली मागे घोरतो.