हायब्रिड गाडी कणकवलीत ‘किती देते’?

गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने अंगणात नवी हायब्रिड गाडी उभी केली की वाडीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग, किंमत, एअरबॅग हे सगळं नंतर. आधी ‘किती देते?’ तोही खरं तेच सांगतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये उत्तम देते, पण येताना थोडी कमी पडली. वर तो नवलाने म्हणतो, ‘खारेपाटणपासून पुढे तर रस्ता एकदम मोकळा होता, तरी कमी पडली.’ त्या वाक्यातला ‘तरी’ काढून तिथे ‘म्हणून’ घातला, की हायब्रिडचं अर्धं शास्त्र समजतं.

कणकवलीत आता अनेक घरांत या गाड्यांची चर्चा आहे. नोकरदार माणसं भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून किंवा सात वर्षांचं कर्ज घेऊन अशी गाडी घ्यायचा विचार करतात. जास्तीचे पैसे पेट्रोलमधून वसूल होतील, हे त्यामागचं गणित. ते गणित मुंबईच्या रस्त्यावर मांडलेलं असतं आणि हप्ते कणकवलीत फेडायचे असतात. दुसऱ्याच्या रिपोर्टवर आपलं औषध घेऊ नये, हे माणसांना पटतं. गाडीच्या बाबतीत मात्र ते बिनदिक्कत घेतलं जातं.

जाहिरातीतला आकडा येतो कुठून? मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या २०२२ मध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर होता. तो खोटा नाही. पुण्यातल्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या चाचणीचा तो निकाल आहे. पण ती चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून चाकं फिरवली जातात. सुमारे वीस मिनिटांचा, दहा-अकरा किलोमीटरचा ठराविक क्रम असतो. वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी जेमतेम ३२. एसी बंद. चढ नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत फणस नाही.

वैद्यकात नव्या औषधाची अशीच निवडक परिस्थितीत चाचणी होते. रुग्ण निवडलेले असतात, गोळी वेळेवर दिली जाते, तपासण्या चुकत नाहीत. तिथे दिसलेला गुण ओपीडीत तेवढाच दिसेल असं कुठलाही अनुभवी डॉक्टर धरून चालत नाही. म्हणून ती चाचणी निरुपयोगी ठरत नाही. दोन औषधांची, किंवा दोन गाड्यांची, तुलना करायला ती हवीच. फक्त तिचा आकडा आपल्या घरच्या खर्चाच्या वहीत जसाच्या तसा उतरवायचा नसतो.

आता त्या ‘म्हणून’कडे वळू. साधी पेट्रोल गाडी शहरात जास्त पितं आणि हायवेला कमी, हे प्रत्येक चालकाला पाठ आहे. स्ट्राँग हायब्रिडचं पुष्कळदा उलटं असतं. ती तीन ठिकाणी वाचवते. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर जनरेटरसारखी चालवून बॅटरीत साठवते. गर्दीत सरपटताना किंवा थांबल्यावर इंजिन बंद ठेवून विजेवर भागवते. आणि इंजिन चालवावं लागलंच, तर ते शक्यतो त्याच्या सोयीच्या, कमी इंधन जाळणाऱ्या स्थितीत चालवते. म्हणजे जिथे वारंवार थांबावं लागतं, तिथेच तिची कमाई. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस आणली, त्या देशातल्या शहरी वाहतुकीला हे तंत्र नेमकं मानवलं. अंधेरी ते ठाणे रोज ये-जा करणाऱ्यालाही मानवेल.

चौपदरी झालेल्या महामार्गावर, कणकवलीच्या उड्डाणपुलावरून ओरोस-कुडाळकडे ताशी शंभरने निघालेल्या गाडीला मात्र ब्रेकच लावायचा नसतो. मग साठवायचं काय? तिथे इंजिन सतत चालू आणि पेट्रोलचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. हा नियम हायब्रिडलाही चुकत नाही. चांगलं इंजिन असल्यामुळे तिथेही ती साध्या गाडीपेक्षा थोडी सरस ठरते, पण शहरातला भरघोस फरक तिथे राहत नाही. चौपदरीकरणाने आपला वेळ वाचवला आणि हायब्रिडचा फायदा घटवला, असं म्हणायला हरकत नाही.

‘पण आमच्याकडे घाट आहेत, उतारावर बॅटरी फुकटात भरेल,’ असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. त्याचा हिशेब वीजबिलातल्या युनिटमध्ये मांडता येतो. चार माणसांसह गाडीचं वजन सोळाशे किलो आणि फोंडा घाटात चढायची उंची पाचशे मीटर धरू. नुसती तेवढी उंची गाठायला सव्वादोन युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता जमेस धरली, तर केवळ चढण्यापोटी अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जातं. रस्ता कापण्याचं वेगळं. उतरताना ही ऊर्जा परत मिळू शकते, पण ठेवणार कुठे? हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ युनिट, म्हणजे पाऊण युनिट. तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही, कारण तसं केल्यास बॅटरीचं आयुष्य घटतं. त्यामुळे अर्धा घाट उतरायच्या आतच ती बहुधा भरते. उरलेल्या उतारावरची ऊर्जा मग साध्या गाडीसारखीच उष्णता होऊन जाते. घागर छोटी असेल तर पन्हाळीतून कितीही पाणी येवो, घागरीएवढंच उरतं.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरणारे महाभाग अजून आहेत. हल्लीच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि सगळा भार ब्रेकवर. तापलेले ब्रेक ऐन वळणावर पकडेनासे झाले की काय होतं, ते घाटाखालच्या रुग्णालयांच्या अपघात विभागाला सांगावं लागत नाही. हायब्रिडमध्ये उतारासाठी ‘बी’ अशी वेगळी स्थिती असते. तिथे इंजिनच गाडीला रोखून धरतं. ती वापरावी.

बाकी कारणं नेहमीचीच. कोकणातल्या दमटपणात एसी जवळजवळ वर्षभर लागतो. हायब्रिडचा एसी विजेवर चालत असल्याने गाडी उभी असतानाही बॅटरी उतरते आणि मग ती भरायला इंजिन सुरू होतं. टपावरचं कॅरिअर, कमी हवेचे टायर, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेलं इथेनॉल, ज्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं की २७.९७ चा आकडा बराच खाली येतो.

नावाचाही घोळ आहे. ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा माइल्ड हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत मोटर इंजिनाला फक्त हात देते. ती एकटी गाडी ओढत नाही, म्हणून बचतही बेताची. स्ट्राँग हायब्रिड विजेवर थोडं अंतर चालते. तिसरा प्रकार घरच्या प्लगवर चार्ज करायचा, प्लग-इन. त्याची युरोपातली कहाणी बोलकी आहे. तिथे २०२१ पासून नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. सहा लाखांहून अधिक गाड्यांच्या नोंदी तपासून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या चाचणीतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन पितात आणि प्लग-इन हायब्रिड तब्बल साडेतीन पट, असं त्यात दिसलं. गाडीत दोष नव्हता. चाचणीत गृहीत धरलं होतं तेवढं चार्जिंग लोक करतच नव्हते. गोळी लिहून दिली, पण घेतली किती, हा दवाखान्यातला जुनाच प्रश्न.

आपल्याकडे आकडा ज्या रीतीने सांगतात, तीही फसवी आहे. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी बदलून १५ ची घेतली, तर शंभर किलोमीटरमागे ३.३ लिटर वाचतात. २० ची बदलून २५ ची घेतली, तर फक्त एक लिटर. दोन्हीकडे फरक पाचचाच, बचत मात्र तिपटीहून वेगळी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. म्हणून ‘लिटरला किती’ ऐवजी ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं विचारावं.

हाच हिशेब घरात आणू. समजा पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ देते आणि तशीच हायब्रिड २१. किमतीतला फरक अडीच लाख आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. कणकवलीतली एखादी शिक्षिका वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवत असेल, तर तिचे १९० लिटर, म्हणजे वीस हजार रुपये वाचतील. अडीच लाख वसूल व्हायला साडेबारा वर्षं. कर्जाचं व्याज यात नाही. हमरस्त्यावरचा वापर जास्त असेल, तर २१ चा आकडाही खाली येईल. याउलट भाड्याने गाडी चालवणारा वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर करत असेल, तर पाच वर्षांत पैसे सुटतात. रुग्णांना शंभरेक किलोमीटरवरच्या बांबोळीला नेणं-आणणं हे अशा चालकांचं नेहमीचं काम. त्यांचा खर्च कमी झाला तर भाडंही थोडं आवाक्यात येईल, अशी आशा ठेवायला जागा आहे. म्हणजे ज्याला हायब्रिडचा सर्वाधिक उपयोग, त्याला ती किंमत एकरकमी झेपत नाही, आणि ज्याला झेपते त्याची गाडी आठवड्यातले पाच दिवस दारातच उभी असते.

केवळ पैशात न मोजता येणारा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. आठवडा बाजाराच्या दिवशी पटवर्धन चौकाच्या आसपास गाड्या सरपटत असतात, तेव्हा भाजी विकायला रस्त्याकडेला बसलेल्या बायांचं नाक बरोबर धुराड्याच्या उंचीवर असतं. दमा असलेल्याला तिथून जाऊन आल्यावर पंप घ्यावा लागतो. हायब्रिड त्या दोनशे मीटरमध्ये बरेचदा विजेवर, धूर न सोडता सरकते. ॲव्हरेजच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही, पण शेजाऱ्याच्या फुप्फुसाला कळते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिक्षिकेचे १९० लिटर वाचले, तर वर्षाला चारशे किलोहून अधिक.

तरीही मुलाला दीड किलोमीटरवरच्या शाळेत सोडायला हायब्रिड काढण्यात अर्थ नाही. थंड इंजिन सुरुवातीची काही मिनिटं जास्त पेट्रोल पितं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो तापेपर्यंत शाळा येते. म्हणजे सर्वांत कमी ॲव्हरेज आणि सर्वांत घाण धूर, तोही शाळेच्या फाटकासमोर. त्या अंतराला पायांचा वापर केला, तर मुलाच्या वजनाचा आणि पालकाच्या साखरेचाही प्रश्न थोडा हलका होतो.

मधुमेही रुग्ण तपासणीच्या आदल्या रात्री जेवण आवरतं घेतो आणि सकाळची साखर छान आणतो. म्हणून डॉक्टर एचबीए१सी मागतात. त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं उघडं पडतं. गाडीचंही तसंच करावं. एका उतारावर डॅशबोर्डने दाखवलेला तीसचा आकडा मोबाइलवर फोटो काढून मिरवण्याऐवजी, टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करावी आणि लागलेलं पेट्रोल त्या अंतराशी ताडावं. असं तीन महिने, पावसाळ्यातले दिवस आणि एक घाट धरून. नवी गाडी घेण्याआधी तर आपली जुनी गाडी वर्षाला किती चालते, त्यातली बाजारात किती आणि हायवेला किती, याची वही आधी करावी.

हे सगळं ग्राहकावर ढकलून सरकारला मोकळं होता येणार नाही. औषधाच्या वेष्टनावर घटक आणि त्यांचं प्रमाण छापावंच लागतं. गाडीच्या काचेवर मात्र एकच चमकदार आकडा पुरतो. एसी चालू ठेवून शहरात किती आणि ताशी शंभरच्या वेगाला किती, हे दोन वेगळे आकडे, शंभर किलोमीटरमागे लिटरमध्ये, छापणं सक्तीचं करायला काही अडचण नाही. हायब्रिडमध्ये तर प्रत्येक थेंबाचा हिशेब संगणक ठेवतच असतो. युरोपप्रमाणे तो, मालकाचं नाव वगळून, गोळा करून जिल्हावार जाहीर केला, तर सिंधुदुर्गातल्या ग्राहकाला मुंबईच्या पाहुण्याला विचारावं लागणार नाही.