हाँगकाँगला जाताय? हात नव्हे, नमुना विका

हाँगकाँगला जावे, चार दिवस फिरावे आणि जोडीला थोडे काम करून खर्च भागवावा, असा विचार आमचे अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव बोलून दाखवतात. विचार वाईट नाही. पण शहर महाग आहे आणि कायदा कडक. हिशोब घरी मांडला नाही, तर वर्षाची कमाई तेथेच ठेवून यावे लागेल.

पहिली बाब परवानगीची. २३ जानेवारी २०१७ पासून भारतीय पासपोर्टधारकांना निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत असते, सहा महिने चालते आणि एका भेटीत १४ दिवसांपर्यंत राहता येते. ती स्वतः भरावी. एजंटाला त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

या दिवसांत सौदा ठरवणे, करार करणे, व्यापारी प्रदर्शन पाहणे चालते. नोकरी-मजुरी चालत नाही. फिरता फिरता काम करू देणारी ‘वर्किंग हॉलिडे’ योजना हाँगकाँगने काही देशांतील तरुणांसाठी ठेवली आहे. भारत त्यात नाही. तेव्हा "पाहुणा म्हणून जा, दोन आठवडे शिलाई कर, तिकीट सुटेल," असे सांगणारा माणूस हितचिंतक नव्हे. पकडले गेल्यास ५०,००० हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती कैद एजंट भोगत नाही.

दुसरी बाब मुक्कामाची. तेथे खिसा रिकामा होतो तो खोलीच्या भाड्याने. कौलूनमध्ये नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्स ही जुनी इमारत आहे. तिच्यातील गेस्ट हाऊसच्या खोल्या अगदी लहान, पण त्या मानाने स्वस्त. आपल्याकडचे जेवण तेथेच मिळते आणि कौलून मशीद चालत जाण्याइतकी जवळ आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मोठी प्रदर्शने भरतात, तेव्हा भाडी चढतात. प्रदर्शनाचे काम नसेल, तर ते दिवस टाळावेत.

तिसरी बाब कामाची. शाम शुई पो भागात कापड, मणी, बटणे, चामडे यांच्या दुकानांच्या गल्ल्याच आहेत. चिम शा चुईहून मेट्रो थेट जाते. जरीकाम, पर्स, चप्पल करणाऱ्या कारागिराने तो भाग डोळे उघडे ठेवून पाहावा: कोणता माल, कोणता रंग, काय भाव. पहिले दिवस बाजाराला द्यावेत, फिरणे शेवटी ठेवावे. आधी फिरलो, तर बाजार राहून जातो. व्यापाराचा माल मात्र बॅगेत दडवून आणू नये. आयात-निर्यात कोड काढून रीतसर मागवावा.

आमचे म्हणणे एवढेच की, कारागिराने तेथे हात विकू नयेत, नमुना विकावा. चोरून केलेली मजुरी दोन आठवड्यांत संपते आणि भीती मागे ठेवते. कागदावर घेतलेली ऑर्डर घरी येते, चार घरांच्या चुली पेटवते. बॅगेत आपल्या हातचे पाच उत्तम नमुने, भावाचा कागद आणि परतीचे तिकीट असावे. एवढी तयारी नसेल, तर यंदा थांबावे आणि पुढच्या वर्षी जावे.