कान वाहायचा थांबला, पण ऐकू येते का?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात कान फुटलेली मुले दिसू लागतात. ‘‘डॉक्टर, कान फुटलाय. दरवर्षीच फुटतो त्याचा,’’ असे आई सांगते. हे ‘दरवर्षीच’ इतक्या सहजपणे सांगितले जाते की जणू आंब्याला मोहोर यावा तसा पोराचा कान फुटायचाच! मग थेंबांची बाटली जाते, आठ दिवसांत पाणी थांबते आणि कान बरा झाला असे घरात सर्वांचे मत होते. आज मला या मताविरुद्ध बोलायचे आहे. कान वाहायचा थांबणे वेगळे आणि कान शाबूत असणे वेगळे. कानाच्या आत तीन बारीक हाडे आहेत. पू मोजण्याच्या नादात त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

कानाच्या पडद्याच्या पलीकडे वाटाण्याएवढी एक हवेची खोली असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. शाळेच्या पुस्तकात वाचलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब या खोलीत राहतात. हातोडीचा दांडा पडद्यात रुतलेला असतो आणि तिचे डोके ऐरणीला टेकलेले असते. ऐरणीचा एक लांब पाय खाली लोंबतो, त्याच्या टोकाला रिकीब जोडलेली असते आणि रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या खिडकीवर बसलेला असतो. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर, वजन ३ मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळाच्या एका दाण्याच्या वजनात अशा पाच-सहा रिकिबी सहज बसतील. बाळ जन्माला येते तेव्हाच ही हाडे पूर्ण वाढलेली असतात. पाय मोडला तर प्लास्टर घालून हाड जुळते. ही हाडे एकदा झिजली की पुन्हा भरून येत नाहीत.

निसर्गाने एवढा खटाटोप का केला असावा? आतला कान पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे आणि आवाज तर हवेतून येतो. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरून कितीही हाका मारा, त्याला ऐकू येत नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटून परत फिरतो. हजारात एखादा भाग आत शिरतो. ही अडचण पडदा आणि हाडे मिळून सोडवतात. पडद्याचा थरथरणारा भाग रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठा आहे. टाचणीच्या डोक्यावर अंगठा दाबला की सगळा जोर टोकाशी एकवटतो, तसाच हा प्रकार. शिवाय हाडांची तरफ त्यात १.३ पटीची भर घालते. म्हणजे पडद्यावर पडलेला दाब आतल्या खिडकीवर सुमारे २२ पट होऊन पोहोचतो. या साखळीतली एक कडी निसटली की हा सगळा हिशेब कोलमडतो.

आता आजाराकडे वळू. सर्दी-पडशात घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून जंतू मध्यकर्णात शिरतात, कान ठणकतो, पडदा फुटून पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. बहुतेक मुलांचा पडदा नंतर आपोआप बुजतो. काहींचा बुजत नाही आणि कान पुन्हा पुन्हा वाहतो. कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट आजार मानते. संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात जगभरात असे कान वाहणारे लोक ६.५ कोटी ते ३३ कोटी असावेत असा अंदाज होता, आणि त्यांतल्या साठ टक्के लोकांच्या ऐकण्यात लक्षात येण्याजोगी उणीव होती. आपला देश या आजाराचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत गणला गेला होता.

या आजाराचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्याच्या मधल्या भागाला भोक असते. सर्दी झाली किंवा कानात पाणी गेले की शेंबडासारखा चिकट स्राव भरपूर येतो, पण त्याला फारशी दुर्गंधी नसते. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते. त्वचेचे रोज सुटणारे पापुद्रे तिच्यात साठत जातात आणि पिशवी वाढत राहते. हिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण हाड खातो. यात स्राव इतका थोडा असतो की उशीवर डागही पडत नाही, मात्र वास असा की शेजारी बसलेल्याला कळावा. गंमत अशी की लोक पहिल्या प्रकाराला घाबरतात, कारण तो दिसतो. आणि दुसऱ्याला ‘जरासा ओला असतो, बाकी काही नाही’ म्हणून वर्षानुवर्षे सांभाळतात. खरे तर उलट व्हायला हवे.

पिशवीच्या दाबाने हाड झिजते असे पूर्वी समजत. आता कळते ते असे की सुजलेल्या भागातून निघणारी रसायने हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागे करतात आणि त्या पेशी आपले काम करत सुटतात. त्यामुळे पिशवी नसलेल्या, नुसत्या ओल्या राहिलेल्या कानातही, कमी प्रमाणात का होईना, हाडे झिजतात. पहिला बळी बहुधा ऐरणीच्या लांब पायाचा. बिचारा हवेत लोंबतो, बारीक असतो आणि त्याला रक्तपुरवठा जेमतेम. त्यानंतर रिकिबीच्या कमानीची पाळी येते. हातोडीला पडद्याचा आधार असल्याने ती सर्वांत जास्त टिकते. पडद्याला नुसते भोक असेल तर ऐकण्यात वीस ते चाळीस डेसिबेलची घट येते. ऐरण आणि रिकीब यांची फारकत झाली तर ती पन्नास-साठपर्यंत जाते. आपले नेहमीचे बोलणे साधारण साठ डेसिबेलचे असते, यावरून काय ते समजावे.

याच ठिकाणी रुग्ण हमखास फसतो असा एक प्रकार सांगतो. कधी कधी ऐरणीचा पाय पूर्ण झिजलेला असतो, पण त्या मोकळ्या जागी रोगाची पिशवीच चिकटून बसते आणि आवाज तिच्यातून पुढे जातो. रुग्णाला बऱ्यापैकी ऐकू येते. ‘ऐकू तर येतंय, मग ऑपरेशन कशाला?’ असे तो म्हणतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे चुकीचे नाही. शस्त्रक्रियेत रोग काढावाच लागतो. त्याबरोबर हा चोरटा पूलही जातो आणि ऐकणे पूर्वीपेक्षा कमी होते. मग गावभर बोभाटा होतो की अमक्या डॉक्टरने कान घालवला. कान रोगाने आधीच घालवलेला होता. पण हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणी समजावून सांगितले नसेल तर रुग्णाने तरी काय समजायचे? आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी पाच मिनिटे कागदावर चित्र काढून हे सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडांची साखळी तुटली की नाही हे साध्या नादकाट्याने बरेचसे कळते. ५१२ कंपनांचा नादकाटा आधी कानासमोर आणि मग कानामागच्या हाडावर धरतात. निरोगी माणसाला कानासमोर जास्त चांगले ऐकू येते. मध्यकर्णातल्या बिघाडाने ऐकणे बरेच कमी झाले असेल तर हाडावर जास्त ऐकू येते. तोच काटा कपाळावर धरला तर, नवल वाटेल, पण आवाज आजारी कानात मोठा वाटतो. वाचकांनी घरी करून पाहावे: तोंड मिटून घशातून ‘म्म्म’ असा आवाज काढा आणि एका कानावर बोट दाबून धरा. आवाज बंद केलेल्या कानात घुमू लागेल. एकच कान वाहणाऱ्या माणसाला हा आवाज कान न दाबताच त्या बाजूला घुमतो का, ते विचारून पाहण्यासारखे आहे. घुमला तर बिघाड मध्यकर्णात असण्याची शक्यता मोठी आणि आतली नस बहुधा चांगली. नक्की मोजमाप ऑडिओमेट्रीनेच होते. नादकाटा मात्र प्रत्येक सामान्य दवाखान्याच्या टेबलावर असावा. स्टेथोस्कोपच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही, आणि तो कधी बिघडतही नाही.

उपचारांच्या नावाखाली कानात काय काय जाते याची यादी मोठी आहे. कढत तेल, लसणाची फोडणी, कुठल्या पानाचा रस, गोमूत्र, दूध. फुटक्या पडद्यातून यातले काहीही थेट हाडांवर आणि आतल्या खिडकीवर जाते. आगकाडी आणि केसांची पिन यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. जत्रेत कान कोरून देणाऱ्यांपुढे शिकलेली माणसेही बसतात. दुसरी तऱ्हा म्हणजे मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच बाटली आणणे. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिन यांच्या जातीचे थेंब वारंवार घातले तर आतल्या कानाची नस दुखावण्याचा धोका असतो, आणि मग हाडे दुरुस्त करूनही उपयोग नसतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब या बाबतीत सुरक्षित आहेत. जुनाट वाहणाऱ्या कानाला पोटातल्या गोळ्यांपेक्षा थेंबांचा गुण अधिक येतो. पण स्वच्छ कापसाची सैल वात करून कान टिपून कोरडा केल्यावरच ते घालावेत. पुवाच्या डबक्यावर टाकलेले थेंब बाहेरच्या बाहेर वाया जातात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा. विहिरीतले, नदीतले पोहणे बंद. घरातला चुलीचा आणि विडीचा धूर मुलांच्या कानाला बाधतो, हेही लक्षात असू द्या.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मुलींच्या बाबतीत. मुलाचा कान वाहिला तर त्याला तालुक्याला नेतात. मुलीचा वाहिला तर वाच्यता नको, उद्या स्थळ आले तर! लग्न ठरल्यावर ‘वास येतो, तेवढा घालवा’ म्हणून तिला आणतात. तोवर बारा-पंधरा वर्षे गेलेली असतात, ऐरण केव्हाच संपलेली असते, आणि सासरी हाक न ऐकणारी सून ‘उर्मट’ ठरते. शाळेतल्या मुलांचीही अशीच परवड होते. मागच्या बाकावरचा पोरगा प्रश्न विचारला की भलतेच उत्तर देतो, शुद्धलेखनात ‘त’चा ‘प’ करतो, आणि प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नाही’ असा शेरा येतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या यादीत मध्यकर्णाचा दाहही आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी कान वाहणारे मूल घरी ठेवू नका, मुद्दाम पाठवा.

शस्त्रक्रियेबद्दल थोडे. १९५० च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा उभी करण्याच्या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. आज रुग्णाचीच उरलेली ऐरण कोरून, कानाच्या पाळीजवळची कूर्चा वापरून किंवा टायटॅनियमची बारीक दांडी बसवून तुटलेली साखळी सांधता येते. रिकिबीची कमान शिल्लक असेल तर निकाल चांगला लागतो. ती गेली असेल तर अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. कोलेस्टिएटोमा असेल तर पहिले काम रोग मुळासकट काढून कान सुरक्षित आणि कोरडा करणे. ऐकण्याचे काम दुसरे, आणि कधी कधी ते काही महिन्यांनी वेगळ्या शस्त्रक्रियेत करावे लागते. ‘ऑपरेशननंतर पहिल्यासारखे ऐकू येईल ना?’ याला छातीठोक ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा ऑडिओमेट्रीचा कागद समोर ठेवून बोलणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. खर्चाची चिंता असेल तर शासनाच्या आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, ते जिल्हा रुग्णालयात आधी विचारावे.

कान वाहत असताना डोके सतत दुखू लागले, ताप भरला, चक्कर आली, तोंड एका बाजूला वाकडे झाले किंवा कानामागे सूज आली, तर थेंब बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. रोग हाडांच्या खोलीतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. ते अंतर फार थोडे आहे. ज्यांना असे काही नाही, पण कान वर्षातून दोन-तीनदा वाहतो, त्यांनी कान कोरडा असताना, म्हणजे दिवाळीनंतर वगैरे, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून पडदा आणि ऐकणे दोन्ही तपासून घ्यावे. आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत मुलाच्या वर्गशिक्षकांना भेटून त्याची जागा पुढच्या बाकावर, चांगला कान गुरुजींच्या बाजूला येईल अशी मागून घ्यावी.