रोही आडवा गेला. गाडी खरेच शाबूत आहे का?



तुरीला शेंगा भरू लागल्या आणि हरभरा वीतभर झाला, की आपल्या धामणगाव तालुक्यात दिवस मावळताच रोह्यांचे कळप धुऱ्याधुऱ्याने फिरू लागतात. त्यांच्यापासून पीक कसे राखावे हा आपल्या नेहमीच्या चर्चेचा विषय. आज त्याच रोह्याबद्दल, पण वेगळ्या अंगाने बोलायचे आहे. या वावरातून त्या वावरात जाताना मधला डांबरी रस्ता रोह्याच्या हिशेबात नसतो. आपल्या हिशेबात मात्र तो असतो, कारण आता खेड्यातही चारचाकी आली आहे आणि मुलाबाळांना घेऊन रात्री-अपरात्री आपण यवतमाळ, चांदूर रेल्वे, अमरावतीकडे जात-येत असतो. धडक झाली, माणसे सुखरूप राहिली, गाडी सुरू आहे, तर पुढे काय करावे, एवढेच आज सांगणार आहे.

आमच्या भागातल्या एका कास्तकाराचे उदाहरण घ्या. लग्नाहून परतताना रोह्याची धडक बसली. एक दिवा फुटला, समोरचा बंपर थोडा आत गेला होता, तो हाताने ओढला तर जागेवर आला. गाडी लगेच सुरू झाली. रात्रीची वेळ, सोबत बायामाणसे, म्हणून थांबले नाहीत. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. रेडिएटर फुटून पाणी रस्त्यानेच सांडत आले होते. इंजिनचे हेड तापून वाकले. विमा कंपनीने दिवा, बंपर आणि रेडिएटर यांचे पैसे दिले. इंजिनचे दिले नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावून आलेल्या बैलाचा धनी आधी काय करतो? बैल उभा आहे एवढ्यावर तो समाधान मानत नाही. पायावरून हात फिरवतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. धडक बसलेल्या गाडीचेही तसेच करायचे. गाडी सुरू होते याचा अर्थ ती धड आहे, असा नाही.

मार वरून का दिसत नाही

हल्लीच्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा असतो. मार बसला की तो दबतो आणि पुन्हा फुगून मूळ आकारात येतो. त्याच्या मागे लोखंडी पट्टी असते आणि तिच्या मागे एसीची जाळी व रेडिएटर. पट्टी वाकून रेडिएटरला टेकली तरी बाहेरून काही कळत नाही.

कोणते जनावर धडकले, त्यावरून मार कुठे बसला याचा अंदाज बांधता येतो. रोही खांद्याशी चार ते पाच फूट उंच, पाय लांब, आणि मोठा नर २०० किलोच्या पुढे भरतो. बंपर त्याच्या पायांना लागतो आणि धड उचलून बॉनेटवर, तिथून काचेवर येते. म्हणून रोही धडकला असेल तर बॉनेटची कडी, समोरची काच, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि टप पाहावा. रानडुकराचे उलटे. ते बुटके आणि घट्ट अंगाचे, त्यामुळे गाडीखाली जाते. तिथे बंपरची खालची बाजू, इंजिन ऑइलचे भांडे, चाकाचे खालचे आर्म आणि नळ्या तपासाव्यात. म्हैस किंवा बैल असेल तर वजन एवढे, की समोरचा सगळा सांगाडाच मागे सरकलेला असू शकतो.

वेगाचाही हिशेब ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ४० च्या वेगाने बसलेला मार आणि ८० च्या वेगाने बसलेला मार यांत दुपटीचा नाही, चौपटीचा फरक आहे.

जागेवर पाहायच्या गोष्टी

आधी माणसे, मग गाडी. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चारही इशारादिवे लावा. सर्वांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे करा. कोणाची मान किंवा छाती दुखत असेल तर १०८ ला फोन करा. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर गाडीजवळ जाऊ नका आणि काडी ओढू नका. जनावर जिवंत असेल तर त्याच्याजवळही जाऊ नका. घायाळ रोही लाथ मारतो आणि घायाळ डुक्कर अंगावर येते.

मग बॅटरी घेऊन गाडीभोवती एक फेरा मारा आणि वाकून गाडीखाली पाहा. एसीचे साधे पाणी मध्यभागी ठिबकते, त्याची काळजी नको. पण हिरवे, गुलाबी किंवा निळे पाणी पडत असेल तर ते रेडिएटरचे. काळपट व चिकट असेल तर इंजिन ऑइल. चाकाजवळ तेलासारखे ओले दिसले तर ब्रेकची नळी फुटलेली असू शकते. यांपैकी काहीही दिसले तर गाडी सुरू करू नका, ओढून न्या. रेडिएटरचे रंगीत पाणी चवीला गोड पण विषारी असते. ते अंगणात सांडले तर कुत्रे किंवा वासरू चाटणार नाही अशा बेताने माती टाकून झाका.

बॉनेट उघडताना रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. पंख्यात हात घालू नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. बाजूच्या डब्यातली पाण्याची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का आणि पंख्याची चौकट मोडून पात्याला अडकत नाही ना, ते बघा. नंतर बॉनेट लावून दोन्ही हातांनी वर ओढून पाहा. कडी ढिली झाली असेल तर वेगात बॉनेट उघडून काचेवर आपटते आणि चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. शंका असली तर मजबूत दोरीने बांधा.

आता चाके. चाकाच्या वरच्या पोकळीतले प्लॅस्टिक तुटून टायरला घासते का? टायरच्या बाजूला चीर किंवा फुगवटा आहे का? स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून चाक कुठे अडकत नाही, याची खात्री करा. चारही दरवाजे उघडून लावून पाहा. सकाळपर्यंत नीट लागणारा दरवाजा आता घासत असेल, तर सांगाडा हलला आहे असे समजावे.

चालवून पाहताना

सगळे ठीक दिसले तरच चावी फिरवा. ऑइलचा तांबडा दिवा विझला नाही तर इंजिन तत्काळ बंद करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझायला हवा. तो लागूनच राहिला तर पुढच्या अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. आज एअरबॅग उघडली नाही म्हणजे मार हलका होता, असाही अर्थ काढू नये. जनावराचे पाय आधी निसटतात आणि गाडीला एकदम झटका बसत नाही, तेव्हा ती न उघडण्याचाही संभव असतो.

मोकळ्या सरळ रस्त्यावर २० च्या वेगाने थोडे चला. गाडी एका बाजूला ओढते का, सरळ चालताना स्टेअरिंग वाकडे राहते का, ब्रेक मारल्यावर पायाला थरथर लागते का, ते पाहा. मग थांबा आणि पुन्हा एकदा गाडीखाली नजर टाका.

तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. पाणी पूर्ण गेले तर काट्याला खबर देणारा भाग कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली दिसू शकतो. पुष्कळ नव्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता दिवा आहे. विहिरीतले पाणी आटले आणि मोटर चालूच राहिली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. इंजिनचेही तेच होते.

घरी आल्यावर रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग पडला असेल तर कुठून ठिबकते ते कळते. पाण्याच्या डब्यावर पेनने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी इंजिन थंड असताना पाहा. जाळीतले केस व रक्त हातमोजे घालूनच काढा आणि हात साबणाने धुवा. त्यानंतर मिस्त्रीकडे जाऊन बंपर खोलून आतली पट्टी दाखवायला सांगा, चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्या आणि दिव्यांचा झोत सरळ करून घ्या. बंपर न खोलता 'काही झाले नाही' म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये.

दुचाकीवाल्यांनी समोरच्या शॉकअबचे दोन्ही पाय समांतर आहेत का, रिंग डोलते का आणि हँडल सरळ आहे का, एवढे तरी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विम्याचे कलम

आता त्या कास्तकाराला इंजिनचे पैसे का मिळाले नाहीत ते पाहू. मोटारविम्याच्या नेहमीच्या करारात एक अट असते: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी मालकाची. रेडिएटर रोह्याने फोडला, म्हणून तो विम्यात बसला. इंजिन मात्र पुढे चालवल्यामुळे गेले. थांबून ओढून नेण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ होता.

नुसता तृतीय पक्षाचा विमा असेल तर आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही. त्यासाठी पूर्ण विमा लागतो. गाडीचे, जागेचे आणि जनावराचे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. दावा केला की दावा न केल्याबद्दलची सवलत जाते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणून दावा करायचा की नाही, हे बंपर खोलून खरा अंदाज निघाल्यावर ठरवा.

जनावराबद्दलची जबाबदारी

रोही, हरीण, रानडुक्कर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. चुकून मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता ठरतो. मांस वाटून घेणे हा गुन्हा आहे. गावात कोणी आग्रह केला तरी त्यात पडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांना ११२ वर कळवा. पंचनामा झाला तर तो विम्यालाही उपयोगी पडतो. गाय किंवा म्हैस असेल तर पळून जाऊ नका. दुभती म्हैस म्हणजे एका घराचे पोट असते. पोलीस पाटलांना बोलवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना आणा.

स्वीडनमध्ये मूस नावाचे रोह्याहून कितीतरी मोठे जनावर रस्त्यावर येते. तिथे धडक झाल्यावर ती जागा खुणेने दाखवणे आणि पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच देशात १९९७ साली, जनावर चुकवण्यासाठी एकदम वळवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची नवी छोटी मोटार उलटली होती. आपण त्यातून एवढेच घ्यावे, की जनावर समोर आले तर ब्रेक दाबा आणि गाडी सरळ ठेवा. एकदम वळवली तर गाडी झाडावर, नाल्यात किंवा समोरच्या ट्रकवर जाते.

आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. वन्यप्राण्यांना जाण्यासाठी त्यावर वरून आणि खालून वाटा ठेवल्या आहेत, तरी जनावर येणारच नाही असे गृहीत धरू नये. तिथे मोटारींची मर्यादा १२० आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते. गावच्या रस्त्यावर दिवस मावळल्यावर आणि पहाटे वेग कमी ठेवा. एक रोही ओलांडून गेला म्हणजे संपले असे नाही. मागे कळप असतो.

हे पान कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा आणि गाडी चालवणाऱ्या मुलाला व सुनेला वाचून दाखवा. पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल बोलू.