समिती आधी गिरणगावात जन्मली



संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. तारीख खरी आहे. पण निरनिराळ्या झेंड्यांच्या माणसांनी एका मागणीसाठी एका समितीत बसायचे, आपसांतले भांडण दाराबाहेर ठेवायचे आणि ठरले ते सर्वांनी पाळायचे, हा धडा आधी कुणी गिरवला? तो गिरवला मुंबईच्या गिरणगावाने, १९२८ साली!

त्या साली मालकांनी काय चालवले होते? दोन माग चालवणाऱ्या विणकराला म्हणाले, तीन चालव. साच्याची एक बाजू सांभाळणाऱ्याला म्हणाले, दोन सांभाळ. म्हणजे काम वाढले, माणसे कमी झाली आणि उरलेल्यांना फाटकाबाहेरचा रस्ता! वर्षाच्या आरंभी एकेक गिरणी एकटीच लढत होती, आणि एकटी लढे ती एकटीच पडे.

संघटना तरी एक होत्या काय? मुळीच नाही. कामगारांनी स्वतः उभे केलेले गिरणी कामगार महामंडळ एकीकडे. ना. म. जोशी यांची १९२६ सालची युनियन दुसरीकडे. तिला सार्वत्रिक संप प्रथम मान्यच नव्हता. तिसरीकडे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही लाल बावट्याची मंडळी. त्यांची गिरणी कामगार युनियन त्याच मे महिन्यात निघाली आणि तिच्या अध्यक्षपदी बसले अर्जुन आळवे, स्वतः गिरणीत राबलेले.

पण कामगार कुणासाठी थांबला नाही. एप्रिल अखेर जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद झाल्या, दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर आला. मग पुढाऱ्यांनाही एकत्र बसावेच लागले. संयुक्त संप समिती झाली. सतरा मागण्यांचे एकच मागणीपत्र निघाले. चुली थंड पडू लागल्या तेव्हा समितीने धान्य वाटले. कोकणातला असो की घाटावरचा, उपास सगळ्यांना सारखाच होता. ६ ऑक्टोबरपर्यंत संप टिकला आणि सरकारला फॉसेट चौकशी समिती नेमणे भाग पडले.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मागखात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य कामगाराला जागा नव्हती. धोट्यात कांडी भरल्यावर सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाची सबब! ही सबब मालकाने नव्हे, आपल्याच भावांनी पुढे केली. संपाच्या पुढाऱ्यांना हा अन्याय आपणहून सुचला नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो त्यांच्यापुढे मांडावा लागला. ज्या एकजुटीच्या दारात कुणीतरी उभा राहतो, ती एकजूट अर्धीच असते. हे उमजायला दहा वर्षे गेली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा खांद्याला खांदा लावून उतरले.

सरकारनेही हा धडा ओळखला होता. २० मार्च १९२९ रोजी पुढाऱ्यांना मीरत खटल्यात अडकवले. पुढे १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला: मालकाशी बोलणार ती एकच प्रातिनिधिक युनियन. कागदावर एकी झाली, पण खात्यातल्या माणसाला विचारतो कोण? १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. हा कायदा जावा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. माझे स्पष्ट मत आहे: कायद्याने लादलेली एकी ही एकी नव्हे. खाली खात्यातून निघते आणि वर समितीत भेटते, ती खरी.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला कामगार गेला तो याच शाळेतून. पुढच्या साली झालेल्या समितीत समाजवादी एस. एम. जोशी सरचिटणीस, कम्युनिस्ट डांगे सोबत, शेकाप सोबत, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन सोबत. १९२८ च्या लढ्यातले मिरजकर १९५८ साली मुंबईचे महापौर झाले. शंभराहून अधिक हुतात्म्यांनी रक्त सांडले तेव्हा १ मे १९६० उजाडला.

आज लालबाग-परळचे भोंगे गप्प आहेत. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, आणि गिरणी कामगार व त्याचे वारस घरासाठी अर्ज घेऊन हिंडतात. बेळगाव, निपाणी, कारवार अजून बाहेरच आहेत. दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळे बोर्ड लावून वेगवेगळे मोर्चे काढाल, तर १९२८ च्या आरंभीच्या त्या एकट्या गिरणीसारखे एकटे पडाल. बोर्ड ठेवा हवे तर, पण मागणीपत्र एक करा. समितीत प्रत्येक खात्याचा, प्रत्येक जातीचा, बाईचा आणि बदलीवाल्याचाही माणूस बसवा. दारात कुणाला उभे ठेवू नका!

कामगार एकजुटीचा विजय असो!
बेळगाव-कारवार-निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!