खुराकासाठी कर्ज काढू नका

गोरेगाव आणि आसपासच्या गावांतल्या आईबापांनो, पोरगं लंगोट लावून तालमीत जाऊ लागलं की घरात पहिली चिंता खुराकाची. कोल्हापूरच्या पैलवानाची थंडाई डोळ्यांपुढे येते: बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी घोटून दुधात मिसळलेली. मग बाप एक तर कर्ज काढतो, नाहीतर पोराची कुस्ती बंद करतो. दोन्ही करू नका.

शाहू महाराजांनी मल्लांच्या खुराकाची सोय दरबारातून केली. ते मल्ल पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका काढत, तेव्हा ते तूप-बदाम अंगी लागायचं. आठवी-नववीतल्या पोराला त्याच मापानं तूप पाजलं तर ते पोटावरच चढणार. मेहनत वाढेल तसा खुराक वाढवा, आणि कुस्ती सुटली की लगेच कमी करा. हे दुसरं बरेच जण विसरतात आणि चाळिशीत साखर, रक्तदाब घेऊन बसतात.

आता बदामाचं. 100 ग्रॅम बदामात प्रथिनं साधारण 21 ग्रॅम, शेंगदाण्यात 25, हरभऱ्यात 20 च्या आसपास आणि सोयाबीनमध्ये तब्बल 36. हेच सोयाबीन आपण पोत्यांनी मोंढ्यावर घालतो आणि त्याच पैशातून पोरासाठी पावडरचा डबा आणतो! चार पायल्या घरी ठेवा. मात्र कच्चं खाऊ देऊ नका, त्यानं प्रथिनं नीट पचत नाहीत. रात्री भिजवा, ते पाणी फेका, चांगलं शिजवा. सोबत ज्वारीची भाकरी, वरण, मोड आलेली मटकी, चालत असतील तर अंडी. म्हशीचं सगळं दूध डेअरीला न घालता घरातही ठेवा. मुलगी आखाड्यात उतरत असेल तर तिच्या ताटात हात आखडू नका.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं. दम वाढतो म्हणून ते तालमींत चोरून टोचलं जातं. स्पर्धेत त्यावर बंदी आहे, आणि धडधाकट पोराच्या हृदयाला त्यानं धोका होऊ शकतो. जत्रेच्या फडाआधी कुणी सुई काढली, तर पोराला त्या दिवशी लढवू नका. हाताला धरून घरी आणा आणि तालीम बदला.