छंदाचे विमान आणि चाळीस टक्के

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी करदरांची फेररचना केली, तेव्हा गोव्याचे लक्ष साहजिकच कॅसिनोंकडे गेले. अठ्ठावीस टक्क्यांचा कर चाळीसवर गेला म्हणजे मांडवीतल्या तरंगत्या धंद्याचे आणि राज्याच्या तिजोरीचे काय होणार, हा इथला प्रश्न होता. त्याच चाळीस टक्क्यांच्या यादीत क्रीडानौका होत्या, पिस्तुले होती, धूम्रपानाचे पाइप होते आणि त्यांच्याच पंगतीला 'वैयक्तिक वापराची विमाने' बसवलेली होती. २२ सप्टेंबरपासून हा दर लागू झाला. त्या एका ओळीची वाच्यता फारशी कुठे झाली नाही. स्वतःचे विमान बाळगणारा माणूस म्हणजे कुबेरच, त्याच्यावरच्या कराची चिंता कोणी करावी, अशीच सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत कुठे चुकते, हे पाहायचे तर हैदराबादसारखे दुसरे शहर नाही.

बेगमपेठचा विमानतळ १९३० च्या दशकात, निजामाच्या राजवटीत, हौशी वैमानिकांच्या क्लबच्या सोबतीने उभा राहिला. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या इवल्याशा 'पस मॉथ' विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. ते टपाल तेथून मद्रासकडे जाताना आधी बेल्लारीला थांबत असे. पुढे तो थांबा हैदराबादला हलवण्यात आला. १९४५ मध्ये संस्थानाच्या रेल्वेने टाटांच्या साह्याने 'डेक्कन एअरवेज' स्थापन केली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती विलीन झाली. टाटा हे आधी छंदापायी वैमानिक झाले आणि मग विमान कंपनीचे मालक, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

२३ मार्च २००८ पासून शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठेतून प्रवासी विमाने हलली. आता तिथे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची उड्डाणे, हवाई दलाचे काम, प्रशिक्षण आणि दर दोन वर्षांनी भरणारे 'विंग्ज इंडिया' हे प्रदर्शन चालते. प्रदर्शनात नव्या कोऱ्या विमानांची रांग लागते आणि शहरातली कुटुंबे मुलांना घेऊन ती पाहायला येतात. एखाद्या मुलाने 'आपल्याला असे विमान घेता येईल का' असे विचारले, तर उत्तर द्यायला वडिलांना बराच वेळ लागेल.

उत्तराचा पहिला भाग सुखाचा आहे. दोन आसनांच्या हलक्या विमानात शंभर किंवा त्याहूनही कमी अश्वशक्तीचे इंजिन असते. तासाला अठरा-वीस लिटर इंधनात ते ताशी पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर जाते. म्हणजे दर किलोमीटरमागचे इंधन एखाद्या मध्यम मोटारीइतकेच. हैदराबादच्या आग्नेयेला नादरगुलची जुनी छोटी धावपट्टी आहे. हिवाळ्यातल्या सकाळी, ऊन तापून हवा उसळायला लागण्यापूर्वी, त्या बाजूला आभाळ काचेसारखे स्थिर असते. खाली एकावर एक रचल्यासारखे दख्खनचे काळे-तांबूस खडक, इब्राहिमपट्टणमचा तलाव, भाताची खाचरे आणि शहराभोवती १५८ किलोमीटरचा वळसा घेणारा बाह्यवर्तुळ मार्ग. प्रवासी विमानाच्या खिडकीतून हे सारे दोन मिनिटांत मागे पडते. हलक्या विमानात ते हळूहळू उलगडते आणि ते उलगडणारा हात आपलाच असतो. १९८८ मध्ये विजयपत सिंघानिया अशाच अतिहलक्या विमानातून ब्रिटनहून भारतात एकटे आले. त्यांना २३ दिवस लागले. तिकीट काढून ते एका रात्रीत येऊ शकले असते, पण मग ती गोष्ट कोणी सांगितली नसती.

दुसरा भाग मात्र लांबलचक आहे, आणि तो जमिनीवर सुरू होतो.

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा, दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना लागतो. यात अन्याय काही नाही. विमानाला 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, विमा आणि दरवर्षी उड्डाणयोग्यतेचे पुनर्परीक्षण लागते. तेही रास्तच. अडचण होते ती हे सारे करून देणारी माणसे आणि जागा दुर्मीळ असल्याने. त्या प्रकारच्या विमानावर सही करण्याचा अधिकार असलेला अभियंता शहरात नसेल, तर पन्नास किंवा शंभर तासांच्या तपासणीसाठी त्याला बाहेरगावाहून बोलवावे लागते, आणि तो येईपर्यंत विमान हँगरमध्ये धूळ खाते. न उडणारे विमान उडणाऱ्या विमानापेक्षा लवकर बिघडते. बॅटरी उतरते, रबरी नळ्या कडक होतात, पावसाळ्यात इंजिनाच्या पोटात ओल धरते. वास्कोत मोटारीचा पत्रा किती वर्षे टिकतो हे ठाऊक असलेल्या गोमंतकीयांना यावर अधिक सांगायला नको.

हँगर मिळणे हीच मुळात मोठी गोष्ट. बेगमपेठेत जागा सरकारी व व्यावसायिक कामांत अडकलेली. शमशाबाद प्रचंड वर्दळीचे आणि व्यापारी हिशेबाने चालणारे. डोक्यावरच्या आकाशाची स्थिती तर याहून बिकट. हैदराबादच्या उत्तरेला दुंडीगलची हवाई दल अकादमी, जवळच हकीमपेठचा लष्करी तळ, शहराच्या पोटात बेगमपेठ, दक्षिणेला शमशाबाद. त्यामुळे नकाशावर हौशी वैमानिकाच्या वाट्याला उरते ती चिंधी. प्रत्येक उड्डाणापूर्वी आराखडा दाखल करायचा, हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घ्यायचा, आणि हे सगळे जुळेपर्यंत सकाळची स्थिर हवा निघून गेलेली असते.

ती हवा गेली, की हैदराबादची उंची आडवी येते. बेगमपेठ समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटरवर आहे. तापमान ४० अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते, की पंखांना आणि इंजिनाला ती दीड हजार मीटरवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी बेगमपेठेहून उडणे हे महाबळेश्वराहून उंच, कळसूबाईच्या शिखराजवळ जाणाऱ्या पठारावरून उडण्यासारखे असते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते, दोघे बसले तर टाकी अर्धीच भरावी लागते. मग येतो वादळी पाऊस. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादहून निघालेले एक छोटे प्रशिक्षण विमान विकाराबाद जिल्ह्यात कोसळून दोन शिकाऊ वैमानिकांचा मृत्यू झाला. त्यामुळे नियम सैल करा अशी मागणी कोणी केली, तर तिला मर्यादा आहे. माफ न करणाऱ्या गोष्टींत हवामान पहिले.

इंधनाचा प्रश्न मात्र निव्वळ आपणच निर्माण केलेला. या वर्गातल्या बहुतेक विमानांत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची इंजिने असतात, आणि ती मोटारीच्या पेट्रोलवर चालावीत अशीच घडवलेली आहेत. छंद परवडण्याजोगा राहतो तो याचमुळे. पण कंपनीची परवानगी दहा टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, आणि भारतातल्या पंपांवर २०२५ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले. जुन्या स्कूटरवाल्यांनी त्यावर केलेली कुरकुर गोव्यातही ऐकू आली. पण स्कूटर बंद पडली तर ती कडेला घेता येते. इथेनॉल पाणी शोषून घेते. थंडीत ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होते. उष्णतेत आणि उंचीवर इंधनाची नळीतच वाफ होण्याचा धोका वाढतो. यावर पर्याय उरतो विमानांसाठीच्या खास पेट्रोलचा, ज्याला 'एव्हगॅस' म्हणतात. २०२२ पर्यंत ते पूर्णपणे आयात होत होते. त्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले देशी एव्हगॅस बाजारात आणले, ही चांगलीच गोष्ट. पण ते सगळीकडे मिळत नाही, महाग पडते, आणि त्यात शिसे असल्याने रोटॅक्सचे तेल अधिक वेळा बदलावे लागते. साखर कारखान्यांच्या हितासाठी आखलेल्या धोरणाचा फटका नादरगुलच्या हँगरमध्ये बसेल, हे ते आखणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

आता त्या चाळीस टक्क्यांकडे वळू. पूर्वी वैयक्तिक वापराच्या विमानावर अठ्ठावीस टक्के कर आणि तीन टक्के उपकर होता. म्हणजे एक कोटीच्या विमानावर पूर्वी एकतीस लाख, आता चाळीस, सीमाशुल्क वेगळे. व्यवसायासाठी आणलेल्या विमानावर मात्र पाच टक्के. खरी मेख इथे आहे. उद्योगपतींची जेट विमाने बहुधा एखाद्या भाडेतत्त्वावर विमाने चालवणाऱ्या कंपनीच्या नावे असतात. त्यांना खालचा दर मिळवणे अवघड नसते. चाळीस टक्के भरतो तो निवृत्त अभियंता, दंतवैद्य किंवा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातला नोकरदार, जो आयुष्यभराच्या बचतीतून दोन आसनांचे यंत्र घेतो आणि प्रवाशाकडून एक रुपयाही घेण्यास ज्याला कायद्याने मनाई आहे. चैनीवरचा कर म्हणून आखलेली ही रेघ सर्वांत श्रीमंत माणसाला टाळून खालच्यावर पडते. सात-आठ जणांनी मिळून एक विमान घ्यावे, खर्च वाटून घ्यावा, ही परदेशातली रीत इथे रुजायला हरकत नाही. पण आठ जणांचे विमानही 'वैयक्तिक'च.

सरकारला हलक्या यंत्रांचे वावडे आहे असेही नव्हे. २०१५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून अशीच १९४ दोन आसनी विमाने मागवली. त्यांतली ११० राष्ट्रीय छात्रसेनेसाठी, ७२ हवाई दलासाठी, १२ नौदलासाठी होती. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 'हंसा' या छोट्या विमानाची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये उडवली. (दाबोळीच्या नौदल तळाचेही नाव 'हंसा'च, गोव्याचा त्या विमानाशी एवढाच काय तो संबंध.) २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आले. २०३० पर्यंत भारताला हवाई क्रीडांतील आघाडीच्या देशांत नेण्याचे ध्येय त्यात आहे, आणि अतिहलकी व हौशी बांधणीची विमाने त्यात स्पष्टपणे नमूद आहेत. तीन वर्षांनी अर्थखात्याने त्याच खेळाच्या साधनाला पिस्तुलाशेजारी नेऊन ठेवले. एका मंत्रालयाने ज्याला खेळ म्हटले, दुसऱ्याने त्याला व्यसन ठरवले.

कॅप्टन अमोल यादव यांची कहाणी महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांसमोर ठेवले. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाणे व्हायला २०२०. गच्चीवरून विमान उतरवण्यापेक्षा ते कागदांतून बाहेर काढणे कठीण गेले. याउलट ड्रोनच्या बाबतीत २०२१ मध्ये सरकारने अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणि शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. नव्या कररचनेत ड्रोनवर कर आहे पाच टक्के. म्हणजे मनात आले की सुलभीकरण जमते. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये हलक्या क्रीडाविमानांचे नियम बदलून वजनाची जुनी मर्यादा काढली आणि किती कमी वेगात विमान सुरक्षित उडते ही कसोटी आणली. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, आणि त्याने रेडिओ परवान्याची परीक्षा दूरसंचार खात्याकडून विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आणली. हौशी वैमानिकाचा निदान एक हेलपाटा वाचण्याची सोय झाली.

गोव्याने हा विषय हैदराबादवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये. दाबोळीचे आकाश नौदलाचे आहे. मोपाचा विमानतळ शमशाबादप्रमाणेच जीएमआर समूहाच्या हाती आहे. छोट्या विमानाची दोन्हीकडे अडचणच. नवी धावपट्टी बांधा, असे भूसंपादनाचे अनुभव ताजे असलेल्या या राज्यात कोणी सुचवू नये. उड्डाण शिकू पाहणारी गोमंतकीय मुले आज सांबऱ्याच्या प्रशिक्षण संस्थांची वाट धरू शकतात. मोपावर पहाटेचे दोन तास आणि एक सामायिक हँगर एवढ्यावर इथेही क्लब उभा राहू शकेल, आणि त्यासाठी राज्य सरकारने विमानतळ कंपनीशी बोलणे पुरेसे आहे.

कराची दुरुस्तीही गोव्याच्या आवाक्याबाहेर नाही. परिषदेत गोव्याच्या मताचे वजन उत्तर प्रदेशाच्या मताइतकेच आहे. दोन आसनांची, ठरावीक वजनाखालची विमाने आणि नोंदणीकृत क्लबची विमाने 'वैयक्तिक वापरा'च्या ओळीतून वेगळी काढावीत, एवढा प्रस्ताव कोणत्याही राज्याला मांडता येतो. क्रीडानौकांचा दरही त्याच यादीत चाळीसवर गेला आहे, आणि त्याची झळ गोव्याच्या किनाऱ्याला बसते. दोन्ही ओळींवर एकाच बैठकीत बोलता येईल.